काडीवरचं तेल

शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काचेची भांडी धुणाऱ्या, द्रावणं बनवणाऱ्या आणि मुलांच्या हातून काही फुटलं की खाली बसून काचा वेचणाऱ्या सहायकांना सगळी शाळा लेव्हलमामा म्हणायची. त्याला कारण होतं. एखादं नवखं पोर मोजपात्र हातात उंच धरून, एक डोळा मिटून ‘पंचवीस झाले’ म्हणालं की मागून आवाज यायचाच, “हातात नाही, टेबलावर ठेव आधी. टेबल डुगडुगतंय का बघ. आता खाली वाक. डोळा रेषेत आण. लेव्हल बघ, बाळा, लेव्हल!” मुलं त्यांची नक्कल करायची. मधल्या सुट्टीत पाण्याच्या बाटल्या बाकावर ठेवून त्यांच्यापुढे वाकायची. मामांना ते दिसायचं, आणि खोटं कशाला बोला, आवडायचंही.

राहायला तीन मजली इमारत, बारा बिऱ्हाडं. खाली जिन्याच्या पायथ्याशी गाड्या लावायची मोकळी जागा. तिथे भिंतीलगत मामांची काळी मोटारसायकल उभी असायची. वय वर्षं अठ्ठावीस. मामांच्या लग्नाआधी घेतलेली, म्हणून मामी तिला ‘थोरली’ म्हणायच्या. “थोरलीला आंघोळ घातलीत ना? मग आता धाकटीलाही दोन बादल्या पाणी भरून द्या,” असं त्यांचं रविवारचं चालायचं. मामा हसायचे. गाडीचं सगळं ते स्वतःच करायचे. साखळी, ब्रेक, कार्बोरेटर. परक्या हाताला तिची सवय नाही, असं ते कौतुकानं सांगायचे.

गेल्या वर्षी मामांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. जड ओढायचं नाही, उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मामींनी त्याचा सरळ अर्थ लावला. “गाडी चालवा, माझं काही म्हणणं नाही. पण तिला डबल स्टँडवर ओढताना मी तुम्हाला पाहिलं ना, तर त्याच दिवशी भंगारवाल्याला हाक मारीन.”

आता ही गाडी डबल स्टँडवर चढवायची म्हणजे एका पायानं स्टँड दाबून अख्खं धूड मागे खेचायचं. पोटावर जोर येणारच. दुसऱ्या मजल्यावरचा व्यायामशाळेत जाणारा तरुण म्हणालाही होता, “मामा, हाक मारत जा, मी चढवून देईन.” पण कुणाला तरी हाक मारून ‘जरा माझी गाडी चढवून दे रे’ म्हणायचं, हे मामांना चारचौघांत विजारीची नाडी सुटल्यासारखं वाटायचं. तेव्हापासून थोरली साइड स्टँडवर, डावीकडे कलून उभी राहायला लागली. दिसायलाही बरी दिसायची, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलेल्या बाईसारखी.

दर रविवारी सकाळी तेल बघायचं, हा मामांचा अठ्ठावीस वर्षांचा नेम. इंजिनाच्या उजव्या अंगाला तेल मोजायची काडी असते. ती काढायची, चिंधीला पुसायची, परत आत टेकवायची, काढायची, आणि उजेडात धरून तेल कुठल्या रेषेपर्यंत चढलंय ते पाहायचं. ऑपरेशननंतर मामा पुन्हा गाडीपाशी गेले त्या पहिल्याच रविवारी तेल रेषेच्या बरंच खाली दिसलं. दोन महिने गाडी उभीच होती, आटलं असेल थोडं, असं म्हणून मामांनी अर्धा कप तेल ओतलं. पुढच्या रविवारी पुन्हा खाली. पुन्हा अर्धा कप. महिन्याभरात फरशीवर पहिला थेंब पडला.

इथे मामांमधला शास्त्रज्ञ जागा झाला. तेल कमी होतंय, खाली थेंब पडतोय, म्हणजे गळती आहे. गळती शोधायची तर घाई उपयोगाची नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तेल निघतं एका जागी आणि टपकतं भलत्याच जागी. गाडी पळताना वारा त्याला मागे ढकलतो, ते पंख्यासारख्या कंगोऱ्यांवरून ओघळतं आणि सगळ्यात खालच्या नटावर येऊन लोंबकळतं. बघणारा बिचारा त्या नटालाच आवळत बसतो. म्हणून मामांनी आधी दातांचा जुना ब्रश आणि रॉकेल घेऊन इंजिन लख्ख धुतलं, पुसून कोरडं केलं, आणि मामींच्या टाल्कम पावडरीचा डबा आणून सगळ्या इंजिनावर पावडर फवारली. मग दोन किलोमीटरची फेरी. परत आल्यावर पांढऱ्या पावडरीवर जिथे सगळ्यात वर ओलसर काळी रेघ दिसेल, तिथे चोर.

“थोरली कुठे निघाली एवढी नटून?” मामींनी वरून विचारलं. “माझ्या डब्यात ठेवलीय ना काही?”

चोर सापडला. हेडच्या झाकणाखालचं पॅकिंग. मामांनी जाड कागद आणून, झाकणावर ठेवून, कडेनं हलक्या हातोडीनं ठोकत नवं पॅकिंग कापलं आणि बसवलं. आठ दिवस गाडी कोरडी. मामांची मान ताठ. नवव्या दिवशी क्लचच्या झाकणातून. तेही बदललं. मग गिअरच्या दांड्याशी असलेलं रबरी सील. एकीकडे बुजवलं की तेल दुसरीकडून डोकं काढायचं, आणि दर रविवारी काडी सांगायची, कमी आहे. इतकं गळतंय तर कमी होणारच, असं म्हणून मामा अर्धा कप ओतायचे. ओतताना एक थेंब बाहेर सांडणार नाही, असा त्यांचा हात.

इमारतीच्या सेक्रेटरींनी फळ्यावर सूचना लावली. ‘खालील फरशीवर तेलाचे डाग पडत आहेत. संबंधितांनी लक्ष द्यावे.’ मामांनी ती वाचली, आणि ‘संबंधितांनी’ हा शब्द त्यांना अनेकवचनी आहे म्हणून बरा वाटला. जिन्यात सेक्रेटरी भेटले तेव्हा ते आपणहूनच बोलले, “जुनी गाडी म्हटलं की सगळे आपल्याचकडे बघतात. माझी कोरडी आहे हो. कालच पॅकिंग बदललं.” काल बदललं होतं हे खरं होतं. त्या दिवसापासून ते गाडीखाली बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा सरकवून ठेवू लागले, आणि सकाळी शाळेत जाताना गुपचूप बदलू लागले. घरातली एक निळी चिंधी कायम खिशात. फरशीवर ठिपका दिसला की इकडे-तिकडे बघून पुसायचा.

खालची फरशी आणि जिना पुसायला रोज पहाटे एक बाई यायच्या. सगळी इमारत त्यांना मावशी म्हणायची. मामाही म्हणायचे, जरी त्या मामांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असाव्यात. त्या फिनेलच्या पाण्यात फडकं बुडवायच्या, घट्ट पिळायच्या आणि मागे सरकत सरकत पुसायच्या. त्यांच्या पुसण्यात एक शिस्त होती. आपण पुसलेल्यावर आपलंच पाऊल पडू द्यायच्या नाहीत.

त्या मंगळवारी सात वाजता मामा शाळेत निघाले. पहिल्या मजल्यावर पोचले आणि खालून धप्प असा आवाज आला. पाठोपाठ एक ओरडणं. तळमजल्यावर राहणाऱ्या निवृत्त नर्सबाई, ज्यांना सगळे सिस्टर म्हणत, जिन्याच्या पायथ्याशी आडव्या पडल्या होत्या. उजवा हात अंगाखाली. मामा धावले. त्यांना बसतं केलं, भिंतीला टेकवलं. सिस्टर डोळे मिटून “मनगट, मनगट गेलं” म्हणत होत्या.

आणि मग मामांना ती रेघ दिसली. थोरलीखालचा पुठ्ठा तेलानं भिजून ओल्या पापडासारखा मऊ झाला होता. त्याच्या कडेतून बोटभर रुंद काळी रेघ उतारानं येऊन, नुकत्याच पुसलेल्या ओलसर फरशीवर पसरत, जिन्यापर्यंत पोचली होती. तिच्या मधोमध चप्पल घसरल्याची लांब खूण.

पुढचं मामांनी केलं की त्यांच्या हातांनी, हे नंतर त्यांनी स्वतःला किती वेळा विचारलं त्याला गणती नाही. वर दारं उघडल्याचे आवाज येत होते. त्यांनी खिशातून निळी चिंधी काढली, खाली टाकली, पायानं दाबली आणि रेघेवरून दोनदा फिरवली. मग वाकून उचलली. पुठ्ठाही दुमडून गाडीमागे सारला. लोक खाली आले तेव्हा मामा सिस्टरांजवळ उकिडवे बसले होते आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून “काही नाही, काही नाही” म्हणत होते.

“पाणीच एवढं करून ठेवतात,” कुणीतरी म्हणालं. “मी कधीचा सांगतोय.”

सेक्रेटरी बनियनवरच आले होते. त्यांनी रिक्षा बोलावली, सिस्टरांना दवाखान्यात पाठवायची सोय केली, आणि मग सगळ्यांसमोर विचारलं, “मामा, तुम्ही सगळ्यात आधी आलात. फरशी ओली होती ना?”

मावशी तेव्हा बादली घेऊन दाराशीच उभ्या होत्या. मामांनी फरशीकडे पाहिलं. ती ओलीच होती.

“ओली होती,” मामा म्हणाले.

“मी पिळून पुसते,” मावशी म्हणाल्या. “रोज पिळूनच पुसते. विचारा कुणालाही.” आणि त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. जे कुणी तिथे होते त्यांना घाई झाली. कुणाचं दूध गॅसवर, कुणाची बस. मामांचीही शाळा होतीच. दुसऱ्या दिवसापासून फरशी पुसायला एक वेगळा माणूस यायला लागला.

सिस्टरांच्या मनगटाला प्लास्टर बसलं. मामी त्यांना दोन वेळचं जेवण नेऊन द्यायच्या. मामा मात्र तळमजल्यावरचं दार उघडं दिसलं की जिन्यात चप्पल शोधायचं निमित्त करून थांबायचे. शाळेत मुलांना रागावताना त्यांचा आवाज मध्येच बसायचा. आपण खोटं बोललो नाही, हे ते मनाशी घोकत होते. फरशी ओली होती का? होती. कुणी तेलाचं विचारलं का? नाही. हे सगळं नीट मांडून झालं की पायाखाली फिरलेली चिंधी आठवायची.

माणसाला लाज पचवता आली नाही की तो काहीतरी काम काढतो. मामांनी गळतीच्या मागे हात धुऊन लागायचं ठरवलं. एकदा का ती सापडली, बंद झाली, की हा सगळा प्रकार बंद झाला, असं काहीसं त्यांच्या मनानं घेतलं होतं. सलग तीन रविवार. रॉकेल, ब्रश, पावडर, फेरी. पावडरीचा दुसरा डबा संपला तेव्हा मामी म्हणाल्या, “बारशाला पुरली असती एवढी पावडर गेली त्या म्हातारीला. आता कुणाला तरी दाखवा तिला. घरचं औषध पुरे झालं.”

म्हणून मामा, अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा, गाडी गॅरेजमध्ये घेऊन गेले.

गॅरेजवाला त्यांच्याच शाळेतून शिकून गेलेला. पस्तिशीचा, बोलायला कमी. मामांना बघून लगबगीनं उठला, स्टूल पुसून दिलं. मामांनी सगळा इतिहास सांगितला, जुना रोगी फाइल घेऊन सांगतो तसा. कुठलं पॅकिंग कधी, कुठलं सील कधी. गॅरेजवाल्यानं हात पुसत सगळं ऐकून घेतलं.

“आता तेल किती आहे, मामा?”

“सकाळीच पाहिलं. रेषेच्या किंचित खाली. घालीन आज.”

“बघता कसं?”

“कसं म्हणजे? काडीनं.”

“नाही, दाखवा ना एकदा.”

मामांना जरा राग आला. पण त्यांनी गाडी साइड स्टँडवर नीट उभी केली, काडी काढली, पुसली, टेकवली, परत काढली आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरली. “ही बघ. डोळा रेषेत आण. दिसतंय ना खाली?”

गॅरेजवाल्यानं कान खाजवला. मग उठून हँडल धरलं, एका पायानं स्टँड दाबला आणि सहज गाडी डबल स्टँडवर घेतली. थोरली सरळ उभी राहिली. “आता बघा,” तो म्हणाला, आणि भिंतीवर टांगलेल्या टायरकडे बघत राहिला.

मामांनी काडी टेकवून काढली. वरची रेष कुठे आहे ते दिसेना. काडी गळ्यापर्यंत तेलात माखली होती.

“तिरकी असली की तेल सगळं डावीकडे जातं, मामा,” तो हळू आवाजात म्हणाला, एखाद्याला सदऱ्याचं बटण उघडं आहे असं सांगावं तसा. “काडी उजवीकडे आहे.”

मामांना तोंडात मारल्यासारखं झालं. ते स्टुलावर बसले.

गॅरेजवाल्यानं खालचा नट सोडून तेल काढलं आणि मापाच्या डब्यात ओतलं. एक लिटर हवं होतं, ते पावणेदोन निघालं. “आत जागाच नव्हती हो त्याला. गरम झालं, फेसाळलं की वाट काढणारच. जिथलं पॅकिंग जरा हलकं, तिथून. तुम्ही एक बंद केलं की ते दुसरं शोधायचं. गाडीला गळतीचा रोग नव्हता, मामा. तुम्हीच पाजत होतात.” आणि आपण फार बोललो असं वाटून तो घाईनं पुढे म्हणाला, “होतं असं. पुष्कळांचं होतं.”

तो हसला असता तर बरं झालं असतं. याच पोराला मामांनी एकदा मोजपात्र तिरकं धरलं म्हणून अख्खा तास बाकावर उभं केलं होतं. तो विसरला असेल असं मामांना एक क्षण वाटलं. मग तो टायरकडे का बघत होता ते त्यांना कळलं.

हवा बाहेर सोडायची नळी तेलानं तुंबली होती, ती त्यानं साफ केली. गाळणी धुतली. दाबानं बाहेर आलेलं एक सील बदललं, आणि बरोबर एक लिटर तेल मोजून भरलं. “आठ दिवस चालवा. थेंब पडला तर माझ्याकडे या.”

थेंब पडला नाही. रोज सकाळी मामा खाली जाऊन पुठ्ठा बघायचे. कोरडा. पंधरा दिवस कोरडा. आणि पुठ्ठा कोरडा दिसला की ते जिना चढायचं विसरून तिथेच उभे राहायचे. आजवर निदान एक आडोसा होता. यंत्र जुनं, गळती कुठून ते कळत नाही, कुणाचा दोष नाही. आता तो अर्धा अर्धा कप डोळ्यांपुढून हलेना. प्रत्येक कप त्यांच्याच हातचा होता. कुणाला हाक मारायला लाजलो म्हणून गाडी तिरकी, गाडी तिरकी म्हणून तेल जास्त, तेल जास्त म्हणून सिस्टरांचं मनगट. आणि मनगटानंतरचं सगळं तर शुद्धीवर असताना केलेलं.

एका दुपारी त्यांनी मामींना सांगून टाकलं. मामी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मामा पलंगाच्या कडेला बसून चादरीच्या किनारीशी बोलल्यासारखे बोलले. मामींचे हात थांबले नाहीत.

“ती चिंधी माझ्या निळ्या गाऊनची होती ना?”

“हो.”

“खिशात घेऊन गेलात आणि संध्याकाळी मोकळ्या खिशानं आलात. मला तेव्हाच वाटलं होतं.”

मामांनी मान वर केली. “मग विचारलं का नाहीस?”

मामींनी एक सदरा छातीशी धरला. “विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतंत. मग मलाही गप्प बसावं लागलं असतं. जेवण घेऊन जायचे ना मी सिस्टरांकडे रोज, ते काय नुसत्या प्रेमानं?” त्यांनी सदरा उलगडला आणि पुन्हा त्याची घडी घातली. “बाजारामागच्या लाँड्रीत आहे मावशी. दवाखान्याच्या चादरी धुते. मला सांगून काय व्हायचंय?”

लाँड्रीच्या मागच्या खोलीत वाफ कोंडली होती. दोन बाया एका चादरीची दोन टोकं धरून पिळत होत्या. मालकानं आत हाक मारली, “ताई, कुणी आलंय.” मामांच्या लक्षात आलं की इथे तिला ताई म्हणतात. आता आपण काय म्हणायचं ते त्यांना सुचेना.

तिनं चादर पूर्ण पिळली, टोपलीत टाकली, मग हात पुसत बाहेर आली. मामांनी सांगितलं. पाठ करून आले होते, पण क्रम चुकला. आधी गॅरेज सांगितलं, मग काडी, मग हर्निया, आणि चिंधी सगळ्यात शेवटी.

ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “मला वास आला होता तेलाचा. बादली घेऊन उभी होते ना. पण मला वाटलं, गाड्याच आहेत तिथे, येतो वास.” मग जरा थांबून, “तुमच्या सेक्रेटरींनी रस्त्यावरच्या तिन्ही इमारतींना फोन केले, माहिती आहे? बाई पाणी ओतून जाते, माणूस पडला, लक्ष ठेवा. तिन्ही कामं गेली माझी. तुमचं धरून चार.”

हे मामांना माहीत नव्हतं. त्यांनी हात जोडले. “चुकलं माझं. फार चुकलं.”

“इथे कशाला म्हणताय?” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, घाई होती, आत चादरी पडल्या होत्या. “इथे मला कुणी वाईट म्हणत नाही. जिथे म्हणालात, तिथे म्हणा. मी येते रविवारी.”

रविवारी दहा वाजता मामांनी प्रत्येक दाराची बेल वाजवली. “पाच मिनिटं खाली या, काम आहे.” लोकांना वाटलं पाण्याच्या टाकीचं काही असेल. दहा-बारा जण उतरले. सिस्टर दारातच खुर्ची घेऊन बसल्या, प्लास्टर निघालेला हात मांडीवर. ती ठरल्याप्रमाणे लाँड्री उघडायच्या आधी आली, आणि फाटकाच्या आत एक पाऊल टाकून उभी राहिली. कोरे कपडे घालून आली होती. मामी जिन्याच्या मधल्या पायरीवर.

मामांनी सुरुवात केली. “त्याचं असं झालं, की गाडी जर साइड स्टँडवर असेल तर तेलाची पातळी—”

“मामा,” सेक्रेटरी घड्याळ बघत म्हणाले, “तेलाचं राहू द्या. मुद्दा काय?”

“मुद्दा,” मामा म्हणाले. त्यांनी फरशीकडे पाहिलं, मग मुद्दाम मान वर केली. “सिस्टर पडल्या त्या माझ्या गाडीच्या तेलावरून. पाण्यावरून नाही. तुम्ही यायच्या आत मी ते तेल पुसलं. पुसून झाल्यावर तुम्हाला सांगितलं, फरशी ओली होती. या बाईंचा काही दोष नव्हता.”

मग व्यायामशाळेतल्या तरुणाचा तोंडातल्या तोंडात आवाज आला, “लेव्हलमामांचीच लेव्हल गेली,” आणि दोघं-तिघं हसले. वाईट नव्हतं ते हसणं. घरात होतं तसं. मामांनी शिव्यांची तयारी केली होती, या हसण्याची नव्हती. कानाच्या पाळ्या भाजल्यासारख्या झाल्या.

“मला सांगितलं असतंत तेव्हाच,” सिस्टर म्हणाल्या, “तर मी काय खाल्लं असतं तुम्हाला? हाड काय, जुळतं.” त्यांनी फाटकाकडे पाहिलं आणि मांडीवरचा हात पदराखाली घेतला.

“बरं, झालं ते झालं,” सेक्रेटरी सगळं आवरतं घेत म्हणाले. “मामांनी मोठ्या मनानं सांगितलं. विषय संपला. मावशी, तुम्हाला पुढच्या महिन्यापासून—”

“मला काम आहे,” ती म्हणाली. “तुम्ही फोन करा.”

“कसला फोन?”

“त्या तीन इमारतींना केला होता ना? तोच. आता हे सांगायला.”

सेक्रेटरींनी हसून इकडे-तिकडे पाहिलं. कुणी सावरून घेतलं नाही. “करीन की. निवांत करीन संध्याकाळी.”

“मी उभी आहे,” ती म्हणाली.

सेक्रेटरींनी खिशातून फोन काढला. माणसं पांगायला लागली होती, तीही थांबली. पहिल्या इमारतीचा माणूस लागला. सेक्रेटरी “अहो ते मागे एक झालं होतं बघा, गैरसमज—” असं म्हणाले, तोच ती पुढे आली आणि मामांना म्हणाली, “तुम्ही बोला. गैरसमज नव्हता तो.”

मामांनी फोन कानाला लावला. त्यांनी सगळं सांगितलं. तेल, चिंधी, फरशी. पलीकडचा माणूस “हं, हं” करत होता. शेवटी म्हणाला, “बरं, कळवतो इथे सगळ्यांना.” दुसरीकडे फोन उचलेनात. “लागत नाहीये,” सेक्रेटरी म्हणाले. “परत लावा,” ती म्हणाली. तिसऱ्यांदा लागला. एक वयस्कर बाई होत्या, त्यांना कमी ऐकू येत होतं. मामांना ओरडून सांगावं लागलं, “मी पुसलं! तेल मी पुसलं! बाईंचा दोष नाही!” जिन्यातून, गच्चीतून, समोरच्या दुकानातून माणसं बघत होती. मामी मधल्या पायरीवरून खाली आल्या आणि मामांच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. डोळ्यांना पदर नाही, खांद्यावर हात नाही, नुसत्या उभ्या.

तिसऱ्या इमारतीचा माणूस तिखट होता. “आज एवढ्या दिवसांनी? आणि आपण कोण बोलताय?”

मामा अडखळले. शाळेत असतो, असं सांगायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. एकतीस वर्षं तेच सांगत आले होते.

“ज्याच्या गाडीचं तेल होतं, तो बोलतोय,” ते म्हणाले.

तिनं तेवढं ऐकलं, मान हलवली आणि फाटकातून बाहेर पडली. लाँड्री रविवारी अकराला उघडायची.